समन्स आलंय, वकिलाशिवाय फॅमिली कोर्टात गेलं तर चालेल का?

निशिगंध:
नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात बेलिफ घरी आला, समन्सवर सही घेतली आणि नवऱ्यानं टाकलेल्या याचिकेची कॉपी देऊन गेला, एकवीस पानं आहेत. हिंदू विवाह कायदा, कलम १३, कारण क्रूरता. आम्ही चौदा महिने वेगळे राहतोय, मी मुलीला घेऊन आईकडे आहे, मुलगी सहा वर्षांची. सहाव्या पानावर लिहिलंय की मी रागाच्या भरात मुलीला दिवसदिवस उपाशी ठेवायचे. ते वाचलं आणि पुढचं काही दिसेचना, आईनं कागद हातातून काढून घेतले, तेव्हापासून ते कपाटात आहेत आणि मी परत उघडलेले नाहीत.

मामा म्हणतात फॅमिली कोर्टात वकील लागतच नाही, कायद्यातच तसं आहे, आपण जाऊन खरं काय ते सांगायचं. दुसरे एक नातेवाईक म्हणतात तारखेला जाऊच नको, तू गेली नाहीस तर त्याला घटस्फोट मिळणारच नाही. एका वकिलांना भेटले तर त्यांनी याचिका न वाचताच तीन कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या, मी केल्या नाहीत, बरोबर केलं का तेही माहीत नाही. घटस्फोट हवा की नको हेच माझं ठरलेलं नाहीये, मुलगी माझ्याजवळ राहावी एवढंच पक्कं आहे. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

अबोली:
ताई, आधी एकच सांगते, तारीख चुकवू नका. समन्स सही करून घेतलंय म्हणजे कोर्टाच्या दृष्टीनं तुम्हाला कळलेलं आहे. तुम्ही गेला नाहीत तर केस थांबत नाही, ती एकतर्फी चालते, म्हणजे सहाव्या पानावर जे लिहिलंय त्याला नाही म्हणणारं तिथं कुणीच नसतं. नंतर तो हुकूम रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो पण न येण्याचं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि घरच्यांनी नको म्हटलं हे कारण होत नाही. कोऱ्या कागदांवर सही केली नाहीत ते एकदम बरोबर केलंत.

मी तीन वर्षं फेऱ्या मारल्यात म्हणून सांगते, पहिला दिवस कसा असतो ते. बोर्डावर आपला नंबर शोधायचा, मग बाकड्यावर बसायचं, कधी अकराला पुकारा होतो कधी चारला, आणि पुकारा झाला तेव्हा तुम्ही खाली झेरॉक्स काढायला गेलात तर गैरहजेरी लागू शकते, म्हणून कुणीतरी सोबत न्या. आत मला दोन मिनिटंसुद्धा उभं राहावं लागलं नाही, साहेबांनी नाव विचारलं आणि समुपदेशकांकडं पाठवलं. मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं हो! ते तिथं कुणी विचारलंच नाही.

समुपदेशकांकडं आधी दोघांना वेगवेगळं बसवलं, मग एकत्र. वकील आत नव्हते. मला विचारलं की एकत्र राहायची शक्यता आहे का, नसेल तर कशावर अडलंय, मूल कुणाकडं आहे, त्याची भेट होते का. माझी चूक अशी झाली की मी सगळा वेळ सासूबाईंबद्दल बोलले आणि मुलाची भेट, शाळा, खर्च यातलं काहीच बोलले नाही. तुम्ही जाताना चार ओळी लिहून न्या. आणि तिथं दडपणाखाली कशाला हो म्हणू नका, "मला वकिलांशी बोलून सांगायचंय" असं सरळ म्हणता येतं.

काळा कोट:
मी फॅमिली कोर्टात वकिली करतो. मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे वकील देणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. पण याचा अर्थ वकील चालत नाही असा नाही, परवानगीचा अर्ज आणि वकीलपत्र देतात आणि विरोधातल्या केसमध्ये परवानगी मिळते. तुम्ही स्वतः केस चालवू शकता, मनाई नाही. पण समोरच्यानं क्रूरतेचे आरोप केलेत, पुढं सरतपास (आपल्याच वकिलानं साक्षीत विचारलेले प्रश्न), उलटतपास (समोरच्या वकिलानं विचारलेले) येणार, तिथं मी तरी कुणाला एकटं जा म्हणणार नाही.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, नोकरी करणाऱ्या बाईलाही मिळतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.

आता तुमच्या कैफियतीबद्दल, कारण तुमची घाई तिथं आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, कारण दाखवून कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. आणि हे उत्तर म्हणजे "सगळं खोटं आहे" एवढं लिहून भागत नाही. परिच्छेद परिच्छेद घेऊन उत्तर द्यावं लागतं, ज्या आरोपाला तुम्ही नेमका नकार दिला नाही तो मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून सांगतो, कपाट उघडा. दुःख होईल, कुणाला तरी शेजारी बसवा, पण ती एकवीस पानं पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक परिच्छेदासमोर खरं, खोटं, किंवा अर्धवट एवढंच लिहा, आणि खोटं असेल तर त्या काळात तुम्ही कुठं होतात, कोण हजर होतं, कागद कुठला आहे ते. ही माहिती फक्त तुमच्याकडं आहे. आमच्याकडं माणसं याचिका टेबलावर ठेवतात आणि म्हणतात साहेब तुम्हीच बघा, मग आम्ही जे लिहितो ते गुळमुळीत होतं, आणि तेच उलटतपासात अंगाशी येतं.

वकील निवडताना एवढं बघा की त्यांनी याचिका वाचलीय का, आणि ते मसुदा सहीआधी तुम्हाला घरी वाचायला देतात का. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात असतं, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावानं किंवा सीएनआर नंबरानं (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक) केस सापडते, पुढची तारीख तिथं स्वतः बघत जा.

पोटगीसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असताना अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्च मागता येतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमचंही खरं भरा, लपवलेलं बँक खातं उलटतपासात निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

मुलीचा बाबा:
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे याचिका टाकणारा होतो, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. माझ्याही याचिकेत अशी दोन वाक्यं होती जी मी वकिलांना तशी सांगितली नव्हती, मी न वाचता सही केली आणि बायकोनं ती वाचल्यावर दीड वर्ष आमचं बोलणं बंद झालं, त्याला मीच जबाबदार आहे. तुमच्या नवऱ्याचं काय ते मला माहीत नाही, तुम्ही उत्तर कडकच द्या.

पण तुमचं अजून ठरलं नाहीये म्हणून सांगतो, विरोधातली केस मध्येच परस्पर संमतीत बदलता येते, आमची तशीच झाली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब साठी, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलंय की समेटाची आशाच नसेल आणि पोटगी, ताबा सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. आणि शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, तेव्हा सही केली म्हणजे हात बांधले गेले असं नाही.

फक्त कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, गोलगोल शब्द ठेवू नका. आमच्यात "सोयीनुसार भेट" असं लिहिलं होतं, सोय कुणाची यावरून परत कोर्टात गेलो. मग वार, वेळ, कोण आणायला जाणार, सुट्टी अर्धी अर्धी, आजारी असली तर व्हिडिओ कॉल, असं सगळं लिहून घेतलं, तेव्हापासून मुलीला दर शनिवारी दाराशी बॅग घेऊन बसलेली बघतो. ताब्याचा आदेश मूल मोठं होईल तसा बदलून मागता येतो, पण सुरुवातीलाच नीट लिहिलेलं बरं.

निशिगंध:
तुम्हा तिघांचे खूप आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर आईला शेजारी बसवून कपाट उघडलं. पाच पानांपर्यंत तर लग्नाची तारीख, पत्ते वगैरेच आहे, ते खरंच आहे, "खरं" लिहीत गेले तशी धडधड कमी झाली. सहाव्या पानाला थांबले. मग आईच म्हणाली की याच वर्षात मुलीच्या तपासण्या झाल्यात, फाइल बघ. डॉक्टरांच्या फाइलमध्ये दर तीन महिन्यांचं वजन आहे, एकदाही कमी झालेलं नाही, आणि दोन वेळा तर नवराच तिला घेऊन गेला होता, त्याची सही आहे त्यावर. समोर "खोटं, फाइल पान ४ ते ७" असं लिहून ठेवलंय. विधी सेवा प्राधिकरणात सोमवारी जाणार आहे. एकच विचारायचं होतं, ही फाइल वकिलांना मूळ द्यायची की झेरॉक्स?

काळा कोट:
आत्ता झेरॉक्स द्या, मूळ तुमच्याजवळच ठेवा. कोर्टात मूळ दाखल करायची वेळ आली की यादी करून पोच घ्या, आणि त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ज्या पानांवर त्यांची सही आहे ती दोन्ही पानं वकिलांना वेगळी दाखवा, उलटतपासात तिथूनच सुरुवात करता येईल.