बालकादंबरी एजंटांना पाठवण्यापूर्वी काय तयार ठेवावे?

प्रश्न (खानापूर): मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीत घडणारी 9 ते 12 वयोगटासाठीची माझी कादंबरी पूर्ण झाली असून तिचा इंग्रजी अनुवाद मी लंडनमधील साहित्यिक एजंटांना (लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्यांना) पाठवणार आहे. सोबत काय जोडावे, आणि संवादांतील सीमाभागाची बोली (उदा. कादंबरीतील आजीचे ‘येतो की’) ठेवावी का?

उत्तर (बेळगाव): बहुतेक एजंट परिचयपत्र, एका पानाचे कथासार आणि पहिली तीन प्रकरणे मागतात, तरीही प्रत्येकाच्या सूचना वेगळ्या असतात, त्या आधी वाचाव्यात. कथासारात शेवट लपवू नये (माझी पहिली चूक हीच होती). केवळ वाचण्यासाठी कोणी शुल्क मागितले, तर तिथेच थांबावे, कारण एजंटाचे उत्पन्न पुस्तक विकले गेल्यानंतरच्या कमिशनमधून, सहसा 15 टक्के, येते.

उत्तर (निपाणी): मराठीत एजंट जवळजवळ नाहीतच, त्यामुळे मूळ संहिता थेट प्रकाशकाकडे पाठवावी. आजीच्या ‘येतो की’मधला ‘की’ इंग्रजीत टिकणार नाही. मराठीत मात्र त्याला हात लावू नका.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. कथासार पुन्हा लिहायला घेते. शेवट मीही लपवला होता.