मदत हवी आहे: पोस्टग्रेसची मेमरी दिवसभर चढत जाते, ही गळती (वापरून न सोडलेली मेमरी) की कॅश (हाताशी साठवून ठेवलेली माहिती)?

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या बिलांचं आणि उधारीच्या खात्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. डेटाबेस एकच, पोस्टग्रेस १५, पण प्रत्येक व्यापाऱ्याची स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र कप्पा) वेगळी. तीनशेच्या आसपास स्कीमा, प्रत्येकीत साठेक टेबलं. सर्व्हर १६ जीबीचा, शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनांची सामायिक मेमरी) ४ जीबी. ॲप जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कात) आहे आणि चाळीसेक कनेक्शनं कायम उघडी असतात.

सकाळी सगळं सुरळीत चालतं. दुपारनंतर मेमरी भरत जाते, संध्याकाळी स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर डिस्कचा वापर) सुरू होतो आणि साधी क्वेरीसुद्धा रेंगाळते. मग लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा) पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मारतो. लॉगमध्ये 'सिग्नल ९' (सक्तीने बंद केल्याची खूण) दिसतो आणि शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस उरलेली सगळी कनेक्शनंही तोडून रिकव्हरीत जातं. लगेच व्यापाऱ्यांचे फोन सुरू: "भिया, बिल नी निकल रिया!" दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, त्यांचं चिडणं रास्तच आहे.

'टॉप' कमांड प्रत्येक प्रोसेसची मेमरी दाखवते, पण तिच्यातल्या रेस (RES) आकड्यावर मी विसंबलो नाही. प्रोसेसने हाताळलेली शेअर्ड बफर्सची पानंही त्यात मोजली जातात, त्यामुळे गळती नसली तरी तो फुगतो. लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमधल्या स्टेटस फाइलीतला आरएसएस-ॲनन (प्रोसेसची फक्त स्वतःची मेमरी) पाहिला. नव्या कनेक्शनचा तो जेमतेम काही एमबी, सकाळपासून उघड्या असलेल्याचा ३०० एमबीच्या पुढे. मग त्याच प्रोसेसवर 'पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स' हे प्रोसेसची मेमरी कुठे गेली ते लॉगमध्ये छापणारं फंक्शन चालवलं (आवृत्ती १४ पासून ही सोय आहे, फार कामाची). सगळा भार कॅशमेमरीकॉन्टेक्स्टखाली, म्हणजे कॅशसाठीच्या मेमरीच्या गटात, निघाला. पहिली १०० पोटकॉन्टेक्स्टं छापून बाकीची लॉग एका ओळीत गुंडाळतो. ती गुंडाळलेली ओळच सगळ्यांत जड होती.

वर्क_मेम (क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामांची मेमरी-मर्यादा) मूळच्या ४ एमबीवरच आहे आणि ती मेमरी क्वेरी संपली की सुटते. जिट (क्वेरी चालताना मशीन कोड बनवण्याची सोय) बंद करूनही काही फरक पडला नाही.

माझा अंदाज असा की ही गळती नाही. प्रत्येक कनेक्शन कधी ना कधी प्रत्येक व्यापाऱ्याच्या स्कीमात जातं, तिथल्या टेबलांची आणि इंडेक्सांची माहिती स्वतःच्या कॅटलॉग कॅशमध्ये (टेबलांच्या रचनेच्या माहितीच्या साठ्यात) ठेवतं, आणि त्या कॅशला वरची मर्यादाच नाही. कनेक्शन बंद होईपर्यंत ती फुगतच राहते. हे वाचन बरोबर आहे का?

असेल, तर कनेक्शनं तासाभराने बंद करून नवी उघडणं पुरेल का? मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं साधन) घालायचा विचार आहे, पण त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये कनेक्शन प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर दुसऱ्याकडे जातं, त्यामुळे आमचा सर्च_पाथ (कोणती स्कीमा वापरायची ते ठरवणारी सेटिंग) भलत्याच व्यापाऱ्याच्या कनेक्शनवर राहून जाईल. प्रत्येक ट्रान्झॅक्शनमध्ये 'सेट लोकल' (तेवढ्या ट्रान्झॅक्शनपुरती सेटिंग) करून हे कोणी निभावलंय का? उधारीची खाती आहेत, एकाची नोंद दुसऱ्याला दिसून अजिबात चालणार नाही.

आणि सगळ्या स्कीमा मोडून एकाच टेबलात व्यापारी क्रमांकाचा कॉलम घालणं ज्यांनी केलंय, त्यांनी स्थलांतर कसं केलं तेही सांगा. दिवाळीच्या गर्दीआधी निदान ओओएम तरी थांबवायचंय. लॉग हवा असेल तर व्यापाऱ्यांची नावं गाळून इथेच टाकतो.