मनगट धरून ओढणारा नायक आपल्याला प्रेमळ का वाटतो?

कोयनाकाठ

गेल्या आठवड्यात आम्ही सगळे जेवायला बसलो असताना रात्री साडेआठची मालिका सुरू होती. नायिकेने नोकरीसाठी परगावी जायचे ठरवले होते. हे कळताच नायकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसांदेखत तिचे मनगट पकडले आणि तिला ओढत जिन्यावरून वर नेले. ओढाताणीत तिच्या काचेच्या बांगड्या फुटून पायरीवर पडल्या. कॅमेरा क्षणभर त्या तुकड्यांवर थांबला, मग नायकाच्या पाणावलेल्या डोळ्यांवर गेला आणि मालिकेचे शीर्षकगीत संथ लयीत वाजू लागले. नववीत शिकणारी माझी मुलगी घास हातात तसाच धरून म्हणाली, "आई, किती प्रेम आहे ना त्याचं तिच्यावर!" मला त्या क्षणी काय बोलावे हेच सुचले नाही.

मालिकांत हिंसा दाखवूच नये, असे माझे म्हणणे नाही. घराघरात जे घडते ते पडद्यावर यायलाच हवे. मला खुपते ते हे, की खलनायकाने हात उगारला तर तो अत्याचार ठरतो आणि नायकाने उगारला तर तीच त्याच्या प्रेमाची खूण मानली जाते. नकार दिल्यावर महिनोन्‌महिने पाठलाग करणे, सूड म्हणून लग्न करणे, भर मंडपात बळजबरीने गळ्यात मंगळसूत्र घालणे, हे सारे आपण प्रेमकथेचा भाग म्हणून पाहतो. ही रीत येते कुठून, मुलीशी याविषयी बोलायचे कसे आणि तक्रार करायची तर कुठे, हे जाणकारांनी सांगावे.

शाईचा डाग

मी काही वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते घसरले की पुढच्या भागांत मोठा प्रसंग हवा, अशी मागणी येते. आठवड्याला सहा भाग चालणाऱ्या कथेत नायक-नायिका सुखाने नांदू लागली की सांगण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे संघर्ष त्या दोघांतच पेटवावा लागतो. पण सगळी मालिका नायकावर उभी असल्यामुळे त्याला वाईट ठरवता येत नाही. मग त्याच्या वागण्याला कारण लिहिले जाते. लहानपणी आई सोडून गेली, पहिल्या प्रेमात फसवणूक झाली, वडिलांचा अपमान झाला, असे काहीतरी. मार ती खाते आणि पूर्वायुष्याची कहाणी मात्र त्याला मिळते, हे मी स्वतः लिहिलेल्या कित्येक भागांत घडले आहे आणि त्याची मला आज खंत वाटते.

एकदा मी थप्पड खाल्लेली नायिका माहेरी जाते आणि चार भाग परत येत नाही, असे लिहिले. जोडीचे प्रसंग कमी होतील, असे सांगून ते बदलायला लावण्यात आले. नव्या मसुद्यात तिला अपघात झाला आणि तो रात्रभर तिच्या उशाशी बसून रडला. त्या भागानंतर तिला लागलेल्या थपडेचा उल्लेख पुन्हा कोणीही केला नाही.

कोयनाकाठ ताई, तुम्हाला एक सुचवतो. पार्श्वसंगीत चित्रीकरणाच्या वेळी नसते, ते नंतर संकलनात चढवले जाते, आणि प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे बहुतेक वेळा तेच ठरवते. तोच प्रसंग मुलीला आवाज बंद करून दाखवा.

उंबरठा२२

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशन करते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडी एक वाक्य सतत असते : "मारतो, पण जीवही तितकाच लावतो." मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी तो गजरा आणतो, पाया पडतो, मुलांच्या शपथा घेतो, आणि काही दिवसांनी घरात पुन्हा तणाव साचू लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 साली हे चक्र मांडले : तणाव, मारहाण, पश्चात्ताप आणि पुन्हा तणाव. मालिका हेच चक्र दाखवते, पण पश्चात्तापाच्या टप्प्यावर गाणे लावून त्यालाच सुखान्त म्हणते. आमच्या टेबलासमोर बसलेल्या बाईला मात्र त्यानंतरचा चौथा, पाचवा, दहावा फेरा माहीत असतो.

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारण्याची सात कारणे लोकांपुढे ठेवली होती. त्यांपैकी किमान एका कारणासाठी मारणे योग्य आहे, असे 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितले. नवऱ्याला न सांगता बाहेर पडणे, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणे, सासरच्यांचा मान न ठेवणे ही त्यातली कारणे होती. मालिकेतल्या नायकाला राग येण्याची कारणेही याहून फारशी वेगळी नसतात.

मुलीशी बोलताना कायद्याची थोडी माहिती उपयोगी पडेल. पाठलाग करणे हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. बळजबरीने गळ्यात मंगळसूत्र अडकवल्याने लग्न लागत नाही, आणि बळाने संमती घेऊन विधी उरकले असले तरी हिंदू विवाह कायद्यानुसार तो विवाह रद्द करून मागता येतो. लग्नाची सक्ती करण्यासाठी मुलीला पळवून नेणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगात तर दोन गोष्टी आहेत, कारण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो आणि बाईला नोकरी करू न देणे हा त्याचाच प्रकार मानला जातो.

दूरचा प्रेक्षक

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, तरी सगळे खापर मालिकांवर फोडू नये, असे वाटते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारताच्या ग्रामीण भागात केबल पोहोचल्यावर काय बदलले याचा अभ्यास केला, जो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. केबल आल्यानंतर बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला, असे त्यांना आढळले. पडद्यावर घराबाहेर पडणाऱ्या, कमावणाऱ्या बायका दिसू लागल्याचा तो परिणाम असू शकतो.

मात्र याच निष्कर्षामुळे मालिकाकारांची जबाबदारी वाढते, हेही मी मान्य करतो. प्रेक्षक चांगले उचलतो, तसे दुसरेही उचलतो. अमेरिकेतल्या 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेत 1979 साली ल्यूकने लॉरावर बलात्कार केला आणि 1981 मध्ये त्याच दोघांचे लग्न सुमारे 3 कोटी लोकांनी पाहिले. त्या अत्याचाराकडे मालिकेने सरळ नजरेने पाहिले ते 1998 मध्ये, तब्बल एकोणीस वर्षांनी.

राहिला तक्रारीचा प्रश्न. मनोरंजन वाहिन्यांची तक्रार परिषद 2011 पासून काम करते. वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहून तक्रार करावी. नुसते "मालिका वाईट आहे" असे लिहून उपयोग होत नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तक्रार लिहून पाठवली आहे. काल दुपारी मोबाईलवर तोच भाग मुलीसोबत आवाज बंद करून पाहिला. आधी तिला कंटाळा आला. जिन्याचा प्रसंग आला तेव्हा ती पडद्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आई, ती दुसऱ्या हाताने कठडा धरून ठेवतेय." गेल्या वेळी हे आम्हा दोघींनाही दिसले नव्हते. तिने प्रसंग मागे नेला आणि पुन्हा पाहिला. मग मला विचारले, की खाली सोफ्यावर बसलेली तिची सासू उठली का नाही.