रोज चालतो, तरी जमिनीवरून उठताना पलंग धरावा लागतो

बिनघाईचा
वय ५९. गेली अकरा वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालतो, पाऊस असला तरी. बीपी, साखर ठीक. वजन तिशीत होतं त्यापेक्षा चारच किलो जास्त. त्यामुळे आपण फिट आहोत असा माझा पक्का समज होता.

गेल्या रविवारी नातवाचा चेंडू पलंगाखाली गेला. पालथा पडून काढला. उठायला उजवा गुडघा वर घेतला आणि पुढे काही होईचना. दुखत नव्हतं, पायात जोरच नव्हता. शेवटी एका हाताने पलंगाची कड धरली, दुसरा मांडीवर रेटला आणि “आई गं” करत उभा राहिलो. नातू पाच वर्षांचा. चेंडू विसरून बघत होता. म्हणाला, “आबा, परत करा ना!” त्याला तो खेळ वाटला.

तेव्हापासून आणखी एक लक्षात आलंय. पँट कमरेला घट्ट होते आणि तीच पँट मांड्यांना ढगळ. काटा मात्र जागचा हलत नाही.

शिवाय रात्री दोनदा लघवीला उठतो. मित्र म्हणतात, वय झालं, सोडून दे. यात वय किती आणि माझी चूक किती? जिममध्ये जायला संकोच वाटतो, तिथे सगळे माझ्या मुलाच्या वयाचे.

जुनी_सायकल
पँटची खूण बरोबर पकडलीत! माझं ६१व्या वर्षी अगदी हेच झालं होतं, फक्त चेंडूऐवजी चष्मा होता. वजन तेवढंच राहतं, पण मांडीतला स्नायू जातो आणि त्याच्या जागी पोटावर चरबी येते. काट्याला दोन्ही सारखंच.

आधी एक करा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. तुम्ही साठीला टेकलातच, तेव्हा हाच आकडा धरा. माझे तेव्हा ९ झाले होते. आज ६७व्या वर्षी १५ होतात.

गुपित काही नाही, तीच खुर्ची. फक्त बसताना धपकन अंग टाकायचं नाही. मनात एक, दोन, तीन मोजत खाली यायचं. खरी मेहनत उठण्यापेक्षा त्या खाली येण्यात आहे, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळेल. महिन्याभराने पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरायला लागलो.

मणक्याची_मैत्रीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्यासारखे ‘रोज चालणारे’ पुरुष माझ्याकडे खूप येतात आणि जरा दुखावून जातात, कारण चालणं पुरेसं नाही हे त्यांना ऐकायचं नसतं. चालणं सोडू नका, हृदयाला आणि साखरेला ते हवंच. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला फार ताकद लावावीच लागत नाही, आणि जी ताकद मागितली जात नाही ती शरीर राखत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर वेग वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस ताकदीचे व्यायामही सांगते. ६५नंतर त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम येतात, तीन दिवस.

तेव्हा वय किती? थोडं. बाकीचं न वापरल्यामुळे, आणि तो भाग बराचसा परत मिळतो. खुर्चीच्या व्यायामात शेवटची दोनतीन आवर्तनं जड गेली पाहिजेत, सहज झाली तर पिशवीतलं वजन वाढवा. जोर लावताना दम रोखू नका, बीपी एकदम वर जातं. उठताना श्वास सोडा. गुडघा दुखला किंवा चक्कर आली तर थांबा.

प्रथिनं मोजून बघा. या वयात वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम धरतात, म्हणजे ७० किलोला ७० ते ८४ ग्रॅम. ती एकाच जेवणात न कोंबता दिवसभर विभागा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

गडी_नंबर_एक
एवढं कशाला, टेस्टोस्टेरॉन घ्या, ते पुरुषी हार्मोन. माझ्या मित्राने घेतलं, दोन महिन्यांत वाघ झाला.

मणक्याची_मैत्रीण
@गडी_नंबर_एक, चाळिशीच्या आसपासपासून ते वर्षाला साधारण एक टक्का उतरतंच, तो आजार नव्हे. लक्षणं असतील आणि सकाळच्या रक्ततपासणीत दोनदा कमी आलं, तर डॉक्टर विचार करतात. मित्राच्या सांगण्यावरून कोणी घेऊ नये.

रात्रपाळी
लघवीवर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो, चारदा उठणारा माणूस आहे. आता एकदाच. तीन दिवस वहीत लिहा: किती प्यालो, कधी प्यालो, किती वाजता उठलो. माझ्या वहीत चोर लगेच सापडला. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून मी झोपताना दोन मोठे पेले रिचवत होतो. आता पाणी दिवसा, झोपेच्या दोनतीन तास आधी बंद, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही. संध्याकाळी पावलं सुजत असतील तर झोपेआधी तासभर पाय वर करून बसा, ते पाणी रात्रीऐवजी आधीच निघून जातं.

तरी डॉक्टरांना दाखवाच. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असू शकते, साखर असू शकते, आणि घोरत असाल तर झोपेत श्वास अडकल्यानेही रात्री लघवी वाढते. रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी जा. मी सर्दीची, नाक मोकळं करणारी गोळी मनानेच घेतली आणि रात्री थेंब उतरेना. नळी घालावी लागली. प्रोस्टेट वाढलेल्याला ती गोळी असं करू शकते, हे मला नंतर समजलं.

आणि उठलात की मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग चाला. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी पडतं.

बिनघाईचा
तपासणीची वेळ घेतली. वही सुरू केली. पहिल्याच रात्री साडेनऊनंतर तीन पेले, त्यातला एक कधी प्यालो ते आठवतही नाही.

खुर्चीही झाली. ११, त्यातलं शेवटचं अर्धवट. मोजायला नातू बसला होता. त्याला दहानंतर थेट पंधरा येतं, त्यामुळे त्याच्या हिशेबाने मी पास आहे.