राजवाड्याखालून टीबीएम (बोगदा खणणारं मशीन) : वाडे टिकतील का?

आडा_बाजारवाला: इंदूरची मेट्रो राजवाड्याच्या भागात जमिनीखालून जाणार, तर आमच्या गल्लीत एकच ओरड: "काळी माती आहे, वाडे बसतील." मला हे पटत नाही. मऊ जमिनीसाठीच ईपीबी, म्हणजे मातीचा दाब तोलणारं मशीन असतं. कापलेली माती कटरहेडमागच्या, म्हणजे पुढच्या फिरत्या कापणाऱ्या चकतीमागच्या कोठीत दाबून धरतात, तोच समोरच्या मातीला टेकू. ती माती बाहेर काढणारा स्क्रू गरजेपेक्षा जोरात फिरला की जादा माती निघते आणि वरची जमीन खचते. 6.6 मीटर व्यास धरा: दर मीटरला 34 घनमीटर माती. त्यावर एक टक्का जादा म्हणजे तीस-पस्तीस घमेली. एवढ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, तर वाडे टिकतात.

मल्हारगंजकर: दादा, 2019 चं कोलकाता विसरलात? बहूबाजारात मशीन पाण्याच्या थराला लागलं, पाणी-गाळ बोगद्यात शिरला आणि वरची घरं कोसळली. लोक नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले. नजर तिथेही होतीच की!

आडा_बाजारवाला: विसरलो नाही. पण त्याच प्रकल्पात 2017 साली हुगळीच्या पात्राखालून बोगदे सुखरूप निघाले. पाणी कुठे आहे हे आधी कळणं, खरा प्रश्न तो.

मुरूम_आणि_पाषाण: दोघेही काळ्या मातीवर अडलात. ती वरचे काही मीटर. बोगदा त्याखाली, मुरुमात आणि बेसॉल्टमध्ये. मला भीती मिश्र तोंडाची वाटते: वर मुरूम, खाली पाषाण. पाषाणावर कटर झिजतात, मशीन रेंगाळतं, तेवढ्यात वरचा मुरूम ढिला होतो. कटर बदलायला थांबलं की धोका आणखी वाढतो. मीटरमागे बक्षीस ठेवाल तर कोणी वेळेवर थांबणारच नाही.

मल्हारगंजकर: आणि बावड्या, जुन्या पायऱ्यांच्या विहिरी? 2023 च्या रामनवमीला पटेलनगरात झाकलेल्या बावडीने 36 जीव घेतले. ती तर मंदिराखाली होती, लोकांनी आधी तक्रारीही केल्या होत्या, तरी हे घडलं. जुन्या वाड्यांखाली किती बुजवलेल्या आडांवर आपण झोपतो, सांगा. मी तरी म्हणेन, या भागातून नकोच.

आडा_बाजारवाला: बावडीचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मागणी करू: आधी घरोघरी आड-बावड्यांची नोंद, मगच मशीन उतरवा. आणि खचण्याचे आकडे रोज चौकात लावा. आमच्या माजघरातल्या भेगेवर आज काचेची पट्टी बसवली, शेजारी तारीख लिहिली. भेग हलली की काच तडकेल. आजीने विचारलं, "ही कशाला रे?" तिला खरं तेच सांगितलं.