पॅसिव्हेशनच्या आधी टेम्परिंग तपासा
४२० या स्टेनलेस स्टीलचे पार्ट हार्डनिंगनंतर (तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर) गंजतायत, या प्रश्नावर बहुतेकांनी पॅसिव्हेशन (ॲसिडमध्ये बुडवून पृष्ठभागावर गंजरोधक थर तयार करणं) सुचवलंय. ते करायचंच, पण आधी हीट ट्रीटमेंटवाल्याला टेम्परिंगचं (हार्डनिंगनंतर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवण्याचं) तापमान विचारा. ४२० मध्ये क्रोमियम मुळात १२ ते १४ टक्केच. साधारण ४२५ ते ६०० अंश सेल्सिअसला टेम्पर केलं की त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनबरोबरच्या संयुगात) अडकतं आणि आजूबाजूच्या धातूत संरक्षक थर टिकवण्याइतकं उरत नाही. मग ॲसिडमध्ये कितीही बुडवा, गंज येणारच. जास्त कडकपणा चालत असेल तर १५० ते २०० अंशांच्या आसपास टेम्पर करून घ्या.

दुसरं म्हणजे स्केल. हवेतल्या भट्टीतून काढलेला काळपट थर ग्राइंडिंगने पूर्ण गेला पाहिजे, त्याच्या खालचा क्रोमियम कमी झालेला पापुद्राही. व्हॅक्यूम हार्डनिंग केलं तर हा ताप बराच वाचतो. पिकलिंग (ॲसिडने स्केल काढणं) मात्र जपून, कडक पार्टला हायड्रोजनमुळे तडे जातात.

पॅसिव्हेशनला माझी पसंती सायट्रिक ॲसिडला. नायट्रिक वापरणार असाल तर सोडियम डायक्रोमेटवालं घ्या (विषारी आहे, सांभाळून), कारण नुसत्या नायट्रिकमध्ये ४२० सारखे ग्रेड कधीकधी काळे पडतात. आणि आधी तेल, ग्रीस पूर्ण काढा.