एमआरआयमध्ये 'एल४-५ प्रोट्रुजन' आलंय, म्हणजे नक्की काय?

प्रश्न (कोथरूड): आईच्या रिपोर्टात 'लेफ्ट पॅरासेंट्रल प्रोट्रुजन, ट्रॅव्हर्सिंग एल५ रूट कॉम्प्रेशन' लिहिलंय. डावा पाय दुखतो. ऑपरेशन लागेल का?

उत्तर १: प्रोट्रुजन म्हणजे मणक्यांमधली बाहेर आलेली गादी (डिस्क), बुड रुंद, टोक अरुंद. एक्स्ट्रुजनमध्ये उलट, बुडाशी मान बारीक आणि बाहेरचा भाग रुंद. एल४-५ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) मध्याजवळ ('पॅरासेंट्रल') सरकलेली गादी खाली जाणारी ('ट्रॅव्हर्सिंग') एल५ नस दाबते, फोरामेनमध्ये (नस बाहेर पडते त्या भोकात) सरकली तर एल४. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जाते का? टाचांवर चालता येतं का? एल५ची ही लक्षणं जुळली तरच रिपोर्टातल्या त्या ओळीला अर्थ.

उत्तर २: रिपोर्टात 'डेसिकेशन' (गादी सुकणं) लिहिलं असेल तर घाबरू नका, वयाबरोबर गादी सुकतेच. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनविना उतार पडतो. तोवर खड्ड्यांतून दुचाकीवर मागे बसणं बंद!

उत्तर ३: लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. सोबत फिल्म-सीडी न्या, नुसता कागद नको.